तास मोजता, तसे खाडेही मोजा

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

महोदय,

मी महाराष्ट्रातल्या एका विमान प्रशिक्षण संस्थेत व्यावसायिक वैमानिक होण्यासाठी शिकते आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. माझा पुढचा प्रोग्रेस चेक (प्रगतीची उड्डाण-चाचणी) अजून व्हायचा आहे आणि ज्यांच्या सहीवाचून माझं प्रशिक्षण पुढे सरकणार नाही, त्यांच्याविरुद्ध नावानिशी लिहिण्याची माझी परिस्थिती नाही. माझ्या बरोबरच्या मुलामुलींचीही नाही. तक्रार केली तर उद्याच्या रोस्टरवर, म्हणजे उड्डाणांच्या यादीत, आपलं नाव दिसेल का, ही धास्ती आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाला आहे. म्हणून हे पत्र खुलं लिहिते आहे.

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर, २० तास क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याचे) आणि त्यात एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा, १० तास उपकरणांच्या आधारे, ५ तास रात्रीचे. हे तास अर्ज करण्याआधीच्या पाच वर्षांतले असावे लागतात. लॉगबुकात मिनिटामिनिटाचा हिशोब असतो आणि तो असायलाच हवा. पण दोन उड्डाणांच्या मध्ये किती दिवस गेले आणि का गेले, याचा हिशोब कुणीही मागत नाही. माझं म्हणणं या एका गोष्टीबद्दल आहे. बाकी सगळं त्याच्याच अनुषंगाने येईल.

आपल्या कार्यालयात उड्डाणाचा दीर्घ अनुभव असलेले अधिकारी आहेत. त्यांना हे नव्याने सांगायला नको, पण हे पत्र आमचे आईवडीलही वाचतील, म्हणून सांगते. विमान उतरवायला शिकताना सगळ्यात अवघड असतात ते शेवटचे काही सेकंद. त्याला फ्लेअर म्हणतात. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, साठ-पासष्ट नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) वेगाने खाली येणारं सेस्ना १७२ हे छोटं प्रशिक्षण विमान धावपट्टीच्या अगदी जवळ आलं की त्याचं खाली येणं रोखायचं, थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घ्यायचा, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यायची आणि मागची चाकं टेकेपर्यंत नाक हळूहळू वर धरत राहायचं. समोरचं कंट्रोल घाईने ओढलं तर विमान पुन्हा वर उचललं जातं आणि मग वेग संपून आदळतं. उशीर झाला तर पुढचं चाक आधी टेकतं, आणि ते धोक्याचं. किती ओढायचं हे कुठल्याही पुस्तकात लिहिता येत नाही. ते हाताला समजावं लागतं, आणि हाताला समजायचं तर लागोपाठ करावं लागतं.

सर्किटची, म्हणजे उडून विमानतळाला वळसा घालून पुन्हा उतरण्याची, एक फेरी पाच-सहा मिनिटांची असते. तासाभरात आठ-दहा लँडिंग होतात. पहिली तीन-चार ओबडधोबड जातात, सहाव्या-सातव्याला काहीतरी जुळायला लागतं. दुसऱ्याच दिवशी पुन्हा विमानात बसलं तर ते जुळलेलं टिकतं आणि पुढचं शिकता येतं. आडव्या वाऱ्यात विमान कसं सरळ करायचं, फ्लॅपशिवाय (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या न वापरता) कसं उतरायचं, इंजिन बंद पडलं असं धरून कसं यायचं. तीन आठवड्यांनी बसलं तर तो तास मागच्या वेळी जिथे होतो तिथे परत पोचण्यात जातो. मग पुन्हा खंड पडतो. विहिरीत पोहायला शिकवणारा माणूस पोराच्या पाठीला डबा बांधतो, काठावरून ओरडतो, प्रसंगी ढकलूनही देतो, पण महिन्यातून एकदा पाण्यात सोडून ‘अजून कसं येत नाही’ असं विचारत नाही.

माझ्या ट्रेनिंग फाइलमध्ये शेरा आहे की लँडिंगमध्ये सातत्य नाही. शेरा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण त्या शेऱ्यावरची तारीख आणि त्याआधीच्या शेऱ्यावरची तारीख पाहिली, तर मधल्या काळात मी एकदाही विमानात बसलेले नाही. त्या मधल्या काळाबद्दल फाइलमध्ये एक ओळसुद्धा नाही. उद्या दुसऱ्या कुणी ती फाइल उघडली तर त्यांना काय दिसेल? इतक्या तासांनंतरही हिला जमत नाही, एवढंच दिसेल.

महोदय, या सगळ्यातला सर्वांत मोठा त्रास पैशांचा नाही, वाट पाहण्याचाही नाही. मला विमान उडवणं जमणार नाही, की मला सलग शिकायला मिळालं नाही, हे मला कळायला मार्गच नाही, हा आहे. रात्री होस्टेलवर हाच प्रश्न घेऊन आम्ही बसतो. एकमेकांना धीर देतो, पण खरं उत्तर कुणाकडे नाही. माझ्या शिक्षकांकडेही नाही, कारण त्यांनी मला कधी सलग दहा दिवस उडताना पाहिलेलंच नाही. काही जणांना हे काम खरोखर जमत नाही, हे मला मान्य आहे. अशा विद्यार्थ्याला लवकर आणि स्पष्ट सांगणं हे त्याच्यावर केलेले उपकार आहेत. पण आज जी पद्धत चालू आहे तिच्यात ते सांगणंही शक्य नाही. जमणारा आणि न जमणारा, दोघेही सारखेच अडखळताना दिसतात, दोघेही पैसे भरत राहतात, आणि दोघेही स्वतःलाच दोष देतात.

हवामानाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. जून ते सप्टेंबर ढग खाली असतात, दृश्यमानता पाच किलोमीटरच्या खाली जाते, उडू नये हे बरोबरच आहे. विदर्भातल्या मेमध्ये पारा ४५ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला उचलायला जास्त धावपट्टी लागते आणि वर चढताना ते रखडतं. दुपारी उष्ण हवेच्या झोतांमध्ये नवशिक्याला उडवू नये, हेही बरोबर. विमानांची ५० आणि १०० तासांनी होणारी तपासणी कुणी टाळू नये. एएमईंनी (विमानाची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरांनी) बिघाड नोंदवून विमान जमिनीवर ठेवलं तर मला राग येत नाही. उलट ज्या संस्थेत एएमई ‘नाही’ म्हणू शकतो, त्या संस्थेतच मला उडायचं आहे.

तक्रार आहे ती या सगळ्या गोष्टी आधीपासून माहीत असूनही केलेल्या प्रवेशांबद्दल. पावसाळा दरवर्षी येतो. इंजिनांचे भाग परदेशातून यायला वेळ लागतो, हे कालपरवा कळलेलं नाही. सेस्ना १७२ चं लायकमिंग इंजिन साधारण २,००० तासांनी ओव्हरहॉलला पाठवावं लागतं, आणि ती वेळ कधी येणार हे लॉगबुक पाहून महिनोनमहिने आधी सांगता येतं. तरीही नवी बॅच घेताना कागदावरची विमानं मोजली जातात. सकाळी सहा वाजता उडण्याच्या स्थितीत किती उभी आहेत, ती मोजली जात नाहीत. मग पहाटे उठून, युनिफॉर्म घालून, हवामानाचा अहवाल घेऊन, फ्लाइट प्लॅन आखून आम्ही ऑपरेशन्स रूममध्ये बसतो. एखादं विमान ग्राउंड होतं, यादी वरून खाली सरकते आणि दुपारी उन्हाचे झोत सुरू झाले की उरलेली नावं पुसली जातात. कोण आधी उडणार, हे कशावर ठरतं ते आम्हाला कधीच नीट कळत नाही. जे जास्त विचारतात त्यांना ‘अॅटिट्यूड प्रॉब्लेम’ असा शेरा मिळतो, आणि मग कुणी विचारत नाही.

शिक्षकांबद्दल लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं, कारण मला भेटलेल्यांपैकी बरेच जण मनापासून शिकवणारे आहेत. एकाच सकाळी पाच-सहा विद्यार्थ्यांना घेऊन, एसी नसलेल्या कॉकपिटमध्ये, समोरचा कधी काय करेल याचा भरवसा नसताना शांत राहणं सोपं नाही. पण त्यांतल्या अनेकांसाठी ही नोकरी म्हणजे विमान कंपनीत जाईपर्यंतचा मुक्काम असते. त्यांना बोलावणं आलं की ते जातात, आणि जाऊ नये असं कोण म्हणेल? नवे येतात. पहिले सांगत होते, आधी थ्रॉटल काढ आणि मग नाक धर. दुसरे म्हणतात, नाक धर आणि थ्रॉटल हळूहळू काढ. दोन्ही पद्धती बरोबर असतील. पण नवशिक्या हाताला मधेच बदलायला लावलं की आधीचंही जातं आणि नवंही येत नाही. माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला त्यात आणखी एक भर. ब्रीफिंग इंग्रजीत, रागावणं हिंदीत, आणि मला पडलेला प्रश्न मराठीत. रेडिओवरचं इंग्रजी मी पाठांतराने पक्कं केलं आहे, त्याची मला भीती नाही. भीती वाटते ती ‘समजलं?’ असं विचारल्यावर सवयीने ‘येस सर’ म्हणण्याची.

आमच्या इथे जेआरडी टाटांचं उदाहरण वारंवार दिलं जातं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत त्यांना परवाना मिळाला आणि भारतात परवाना मिळवणारे ते पहिले वैमानिक ठरले. किती थोड्या तासांच्या शिकवणीनंतर ते एकटे उडाले, हे ऐकवलं जातं आणि मग आमच्या तासांकडे बोट दाखवलं जातं. जेआरडींबद्दल मला आदर आहे, लहानपणापासून आहे. पण ते तास किती दिवसांत झाले, मध्ये किती खंड पडला, हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही. तास हे एकच माप हाती असलं की असंच होतं.

आता पैशांचं. देशात राहून परवाना मिळवायचा तर आज पन्नास लाखांच्या आसपास खर्च येतो. त्यानंतर एखाद्या विमानाचं टाइप रेटिंग (ते विशिष्ट विमान उडवण्याची पात्रता) करायचं तर आणखी काही लाख वेगळे. आमच्यासारख्यांच्या घरात एवढी रक्कम नसते. घर किंवा जमीन तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढावं लागतं. या कर्जात हप्ते सुरू होण्याआधी जी सवलतीची मुदत असते, ती साधारणपणे अभ्यासक्रमाचा कालावधी आणि वर एक वर्ष अशी धरली जाते. अभ्यासक्रमाचा कालावधी बँक कुठून घेते? संस्थेने प्रवेशपत्रावर लिहिलेला. तिथे अठरा महिने किंवा दोन वर्षं लिहिलेली असतात. प्रत्यक्षात तीन वर्षं लागली, तर परवाना हातात नसतानाच हप्ते सुरू होतात. त्यात दर वर्षी क्लास वन मेडिकल (वैमानिकाची वैद्यकीय तपासणी), होस्टेलचं भाडं, मेस, आणि खंड पडल्यामुळे द्यावे लागणारे जास्तीचे ड्युअल (शिक्षकाबरोबरचे) तास. हे शेवटचं मला सर्वांत अन्यायाचं वाटतं. संस्थेचं विमान नाही म्हणून मी महिनाभर उडले नाही, आणि मग ‘खूप दिवस उडली नाहीस, आधी शिक्षकाबरोबर एक चेक घे’ असं सांगून त्या तासाचे पैसे माझ्याकडूनच घेतले जातात. चेक घ्यायला हवा, सुरक्षिततेसाठी तो आवश्यकच आहे. पण त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं, याचा नियम आपण करू शकता.

महाज्योतीसारख्या शासकीय संस्थेने राज्यातल्या इतर मागासवर्गीय मुलांसाठी वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली, तेव्हा गावाकडच्या कितीतरी घरांत पहिल्यांदा हा विषय निघाला. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा तर प्रत्येक जाहिरातीत देशाला हजारो वैमानिक हवे आहेत, असंच लिहिलेलं होतं. त्याच वर्षी आपण १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. त्यांतले बरेच जण परदेशात शिकून आलेले होते, हे आपल्याला माहीत आहे. ज्यांना परवडतं ते अमेरिकेला किंवा दक्षिण आफ्रिकेला जातात, कारण तिथे दर आठवड्याला उडायला मिळेल याची त्यांना खात्री वाटते. आम्ही इथे राहिलो ते परवडत नाही म्हणून, आणि काही जण आपल्याच देशात शिकावं असं वाटलं म्हणूनही.

मी सुरक्षिततेत सवलत मागते आहे, असा अर्थ कृपा करून काढू नये. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात प्रशिक्षण विमान कोसळून शिक्षकांचा मृत्यू झाला. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत एकटी उडणारी प्रशिक्षणार्थी शेतात कोसळली आणि सुदैवाने वाचली. मार्च २०२३ मध्ये गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून निघालेलं विमान बालाघाटच्या जंगलात कोसळून दोघे गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन विमानं कोसळली आणि आपण ती चालवणाऱ्या संस्थेचं उड्डाण थांबवलंत. या प्रत्येक बातमीनंतर आमच्या घरून फोन आले आहेत. चौकशीत ज्या कारणांची नोंद व्हायची ती होवो. त्यांवर बोलण्याचा मला अधिकार नाही. मी एवढंच म्हणते की शिकण्यातला लांब खंड हाही सुरक्षिततेचाच विषय आहे, आणि तो आपल्या नोंदींत दिसायला हवा. उड्डाण थांबवण्याचा आदेश देण्यात काही चूक नाही. त्याच आदेशात, पैसे भरून बसलेल्या विद्यार्थ्यांचं पुढे काय करायचं, त्यांचे तास आणि शुल्क दुसऱ्या संस्थेत कसं वळवायचं, हेही लिहिलेलं असावं.

१ ऑक्टोबर २०२५ पासून आपण प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केलीत, याबद्दल मनापासून आभार. पहिल्या यादीत ३५ संस्था होत्या. अ+ आणि अ श्रेणीत एकही नव्हती, १३ ब श्रेणीत आणि २२ क श्रेणीत. एखाद्या सरकारी यंत्रणेने आपल्याच मान्यतेने चाललेल्या संस्थांबद्दल इतकं स्पष्ट बोलावं, हे मला फार मोठं वाटलं. पण घरी बसून प्रवेश कुठे घ्यावा याचा विचार करणाऱ्या बारावीच्या मुलीला ब आणि क या अक्षरांवरून काय कळणार? तिला जे कळायला हवं ते वेगळं आहे. त्या संस्थेत आज किती विद्यार्थी आहेत. मागच्या सहा महिन्यांत दर महिन्याला सरासरी किती विमानं प्रत्यक्ष उडाली. पूर्णवेळ शिक्षक किती आणि वर्षभरात किती बदलले. मागच्या तुकडीला २०० तास पूर्ण करायला किती महिने लागले, जाहिरातीत लिहिलेले नव्हे, खरे. श्रेणी ठरवण्यासाठी ताफा, शिक्षक, सुरक्षितता, विद्यार्थ्यांना मिळणारं साहाय्य हे सगळं आपण तपासताच. म्हणजे माहिती आपल्याकडे येते. अक्षरासोबत ते आकडेही संकेतस्थळावर ठेवा, एवढीच विनंती आहे. एखाद्या बापाने तारणाच्या कागदांवर सही करण्याआधी ते पाहिले, तर निदान डोळे उघडे ठेवून सही होईल.

प्रवेशांची संख्या मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष उडालेल्या विमानांशी बांधून टाका. शुल्क उडालेल्या तासांप्रमाणे टप्प्याटप्प्याने घेण्याचा नियम करा. अनेक संस्था पहिल्या काही महिन्यांतच मोठी रक्कम घेतात, आणि एकदा ती दिली की विद्यार्थ्याला दुसरीकडे जाता येत नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तक्रारदाराचं नाव संस्थेपर्यंत पोचणार नाही अशी सोय करा आणि तशी सोय आहे हे प्रत्येक संस्थेच्या भिंतीवर लावायला लावा.

आणि ट्रेनिंग फाइलमध्ये एक रकाना वाढवा. मागच्या उड्डाणापासून किती दिवस, आणि कारण काय: हवामान, विमान, शिक्षक, आजारपण, की विद्यार्थी स्वतः गैरहजर. जिथे कारण विद्यार्थी असेल तिथे तसं लिहा, आम्ही त्याखाली सही करू. या एका रकान्याने संस्थांवर फार मोठा बोजा पडणार नाही, पण आमच्याबद्दलचा प्रत्येक शेरा त्याच्या शेजारी ठेवून वाचला जाईल. शिक्षक बदलले तरी नव्यांना कळेल की हिला सहा आठवड्यांनी आज विमान मिळतंय. मुख्य प्रशिक्षकांना ठरवता येईल की हिला थांबवायचं की सलग दहा दिवस देऊन पाहायचं. आणि मलाही कळेल. सलग दहा दिवस मिळूनही माझं लँडिंग सुधारलं नाही, तर मी स्वतः येऊन सांगेन की हे काम माझं नाही, आणि घरीही तसंच सांगेन.

आपल्याकडेही माणसं कमी आहेत, याची कल्पना आहे. मंजूर पदांपैकी निम्म्याच्या आसपास रिकामी असल्याचं संसदीय समितीने २०२५ मध्ये नोंदवलं, ते आम्ही वाचलं. प्रत्येक संस्थेत दर महिन्याला निरीक्षक पाठवा, असं म्हणूनच मागत नाही. वर मागितलेल्या गोष्टींपैकी बहुतेकांना निरीक्षकच लागत नाही. आकडे उघडे ठेवले की आम्ही, आमचे पालक आणि कर्ज देणाऱ्या बँका मिळून अर्धी तपासणी करू.

श्रेणी वर्षातून दोनदा जाहीर करण्याचं आपण ठरवलं आहे. पुढच्या यादीत प्रत्येक संस्थेच्या नावापुढे २०० तासांना लागलेले सरासरी महिने हा एक आकडा जरी आला, तरी या पत्राची दखल घेतली गेली असं आम्ही समजू. बाकीच्या मागण्यांसाठी पुन्हा लिहू.

आपली विश्वासू,
एक विद्यार्थी वैमानिक